चौकात उजवीकडे

आमच्या ह्यांनी, म्हणजे हिरामणनी, उभ्या आयुष्यात कुणाला रस्ता विचारलेला नाही. रस्ता विचारणं म्हणजे त्यांच्या लेखी भर बाजारात लेंग्याची नाडी सुटणं. लग्न झाल्यावर मला माथेरान दाखवतो म्हणून नेरळला नेलं आणि समोर उभ्या माणसाला दोन शब्द विचारायचे सोडून कुणाच्या तरी आंब्याच्या बागेत नेऊन बसवलं. "माथेरान असंच असतं, आधी झाडं लागतात," म्हणाले. मी नवी नवरी. म्हटलं, असेल बुवा.

तर अशा माणसानं म्हातारपणाच्या उंबऱ्यावर रस्ता सांगणारं यंत्र विकत आणलं, ह्याचं गावाला नवल वाटलं. मला नाही वाटलं. विचारायची नामुष्की नको, म्हणून न विचारता सांगणारी बाई घरात आणली, एवढंच.

यंत्राच्या आधी गाडी आली. खोपोलीच्या कंपनीतून हे वेळेआधी घरी बसले आणि बसल्या बसल्या एक जुनी टेंपो ट्रॅव्हलर उचलून चौकच्या गॅरेजात नेऊन टाकली. तिथं तिच्या पोटात एक पलंग बसवला, गॅसची शेगडी बसवली, वाटीएवढं बेसिन बसवलं, आणि दार लावायच्या आधी पोट आत घ्यावं लागतं असला एक संडास बसवला. बाहेरून पांढराशुभ्र रंग. ह्याला मोटरहोम म्हणायचं, असं आम्हाला बजावण्यात आलं. पहिल्या दिवशी ती पळसदरीला आमच्या दारात उभी राहिली, तेव्हा शेजारचे म्हातारे खांद्यावर टॉवेल टाकून आले आणि हळूच म्हणाले, "कोण गेलं गं?"

"कोण नाय गेलं," मी म्हणाले. "जाणार हायेत. काश्मीरला."

काश्मीर राहिलं बाजूला. गाडी आमच्या धरणावर जाऊन आली, दोनदा. तिसऱ्या खेपेला शेलूला ह्यांच्या मित्राच्या फ्लॅटची वास्तुशांत होती, तिकडे निघालो. रस्ता फोन सांगत होता. फोनला वाटलं आम्ही स्कूटरवर आहोत. त्यानं आम्हाला दोन नव्या बिल्डिंगांच्या मधल्या अशा बोळात घातलं, की आरसे मिटून, श्वास धरून, उलटं बाहेर यावं लागलं. येताना पहिल्या मजल्यावरच्या बाईचा फुलाफुलांचा गाऊन छतावर अडकला, तो घेऊन आम्ही नेरळपर्यंत आलो. लोक रस्त्यात हात करून दाखवत होते. हेही त्यांना हात करत होते. "बघ," मला म्हणाले, "लोकांना गाडी आवडते."

त्या गाऊनपायी यंत्र आलं.

पण असं सहज नाही आलं. आमच्या मुलीसाठी स्थळ बघताना हे एका रविवारात "बरा हाय पोरगा" म्हणून मोकळे झाले होते. यंत्र बघायला अख्खा पावसाळा गेला. सकाळ-संध्याकाळ व्हिडिओ. त्यातला एक दाढीवाला गोरा गृहस्थ तर इतका घरचा झाला, की सासूबाई विचारायच्या, "आज आला नाय काय रं तुजा तो?" एक यंत्र पाच इंची होतं, ते नापास, कारण चष्मा लावूनही दिसेना. एकाला हिंदीशिवाय काही येत नव्हतं. एकाला घाट म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, त्याच्या नकाशात खंडाळ्याचा डोंगर पोळपाटासारखा सपाट. शेवटी मोठ्या गाड्यांसाठी म्हणून जे असतं, ते सात इंची पसंत पडलं.

"ह्यात गाडीची उंची भरायची, रुंदी भरायची, वजन भरायचं," हे मला समजावत होते. "मग गाडी जिथं अडकंल तो रस्ता ही दाखवणारच नाय. फोनला ही अक्कल नसते."

"फोनला नसते, कबूल. पण तुमाला डोळे हायेत ना?"

उंची मोजताना टेपचं वरचं टोक धरायला मला स्टुलावर चढवलं. वजनाच्या वेळी म्हणाले, आतल्या माणसांसकट भरायचं असतं, तुझं किती? मी म्हटलं, "भरपूर लिवा."

यंत्राला मराठी येत होतं, ह्याचा ह्यांना फार अभिमान. पण ते मराठी! पहिल्यांदा चालू केलं तर बाई म्हणाली, "पुढील वर्तुळाकार मार्गावरून दुसऱ्या बहिर्गमनाने बाहेर पडा." त्याचा अर्थ लागेपर्यंत माणूस तिसऱ्या बहिर्गमनातून पुण्याला पोचेल. पलंगावर पडल्या पडल्या सासूबाईंनी ऐकलं आणि विचारलं, "कुणाची सून गं ही? लई शिकलेली दिसते."

सासूबाई म्हणजे मोतीबाई. त्यांच्याविषयी मात्र मला वाकडं लिहिता येणार नाही.

मोतीबाई धवलारीण. आमच्या आगरी लग्नात हळद अशी आपली उठून लावत नाहीत. आधी धवलारीण धवला गाते. त्यात गावदेवीला बोलावणं, शिवेवरच्या देवाला बोलावणं, गेलेल्या आजा-पणज्यांना बोलावणं. सगळे येऊन बसले की मग पोरीच्या अंगाला हळद. कर्जतपासून खालापूरपर्यंत किती पोरी सासूबाईंच्या आवाजात पिवळ्या झाल्या त्याला गणती नाही. फक्त एकीची हळद त्यांच्याकडून पुरी झाली नाही, ती त्यांच्या स्वतःच्या मुलीची, माझ्या नणंदेची. सुंदराताईच्या हळदीला त्यांचा गळा मध्येच भरून आला, तो काही केल्या सुटेना, आणि बाजूला बसलेल्या दुसऱ्या धवलारणीनं, कोंडीनं, धवला उचलून पुरा केला. कोंडीनं चांगुलपणानंच केलं. पण ते काट्यासारखं आत राहिलं. मग सुंदराताईला श्रद्धा झाली, तेव्हा पाळण्याशीच सासूबाईंनी सांगून टाकलं, "हिची हळद मीच गाणार. आन पुरी गाणार."

दोन वर्षांपूर्वी मोरीत पाय घसरला. खुब्याचं हाड गेलं, आत सळी आली. तेव्हापासून बसणं संपलं. पडून राहायचं, नाहीतर कूस बदलायची. रिक्षात बसवत नाही, कारमध्ये पाय दुमडत नाहीत. आवाज मात्र होता तसा. दुपारी आढ्याकडे बघत गायच्या.

आता श्रद्धाची हळद ठरली. डॉक्टरांनी सांगितलं, न्या, पण झोपवून. सुंदराताई म्हणाली, ॲम्ब्युलन्स पाठवते. त्यावर सासूबाईंनी अशी नजर दिली की फोनमधूनही पोचली असेल. "हळदीच्या घरी दवाखान्याची गाडी? कोण मेलंय?"

मग सगळ्यांचे डोळे दारातल्या त्या पांढऱ्या गाडीकडे वळले. पलंग होता. पंखा होता. त्या क्षणी मला पटलं की ह्या गाडीला काही अर्थ आहे. तोंडानं मी तसं म्हटलं नाही. ह्यांना तेवढी सवय लावून उपयोगाचं नसतं.

सुंदराताईचं गाव खोपोलीच्या अलीकडे, रुळांच्या पल्याड. आमच्या घरून पाऊण तास, तोही रमतगमत. फक्त एक अडचण होती. गावात शिरायच्या नेहमीच्या रस्त्यावर रेल्वेखालची मोरी आहे, तिच्यातून कार जाते, ही गाडी जात नाही. यंत्राला ते बरोबर कळलं. त्यानं लगेच दुसरा रस्ता काढला, लांबचा, फाटकावरून. हे खुशीनं मांडीवर थाप मारून म्हणाले, "बग! पहिल्याच दिवशी पैसे वसूल."

निघायच्या आधी यंत्राची पूजा झाली. नवी वस्तू, त्यात हळदीला निघालेली. सासूबाई पलंगावरून हुकूम सोडत होत्या, मी ताट धरून पुढच्या सीटवर. नारळ झाला, फूल झालं. "कुंकू लाव."

"कुठं लावू, आई? हिला सगळा चेहराच हाय."

"कपाळाला लाव की. वरच्या बाजूला."

मी बोट पाण्यात भिजवून चांगलं ठसठशीत लावलं. यंत्र थरथरलं, त्याला वाटलं मी काही विचारते आहे. बोट दाबलं तसं कुंकू पसरलं, आणि वळायचा बाण जिथं दिसतो नेमकी ती वरची पट्टी लाल झाली. हे रुमाल काढणार तोच मागून आवाज आला, "हिरामण! कुंकू पुसतोस? पोरीच्या हळदीला निघालास आन कुंकू पुसतोस?"

रुमाल खिशात परत गेला. कुंकू पुसणं ह्या शब्दांचा आमच्यात एकच अर्थ होतो, आणि तो अर्थ घेऊन कुणी मांडवात जात नाही.

"राहू दे," हे म्हणाले. "ती बोलते की. कानानं चालवू."

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या भागात चौक एकच. जुन्या हायवेवरचं गाव, ढाबे, गॅरेजं, टायरवाले. जिथं ही गाडी जन्माला आली तोच. बाकी रस्त्याला रस्ता मिळतो त्याला आम्ही नाका म्हणतो, फाटा म्हणतो, तिठा म्हणतो. कर्जतला चार रस्ते एकत्र आले तर चार फाटा म्हणून मोकळे झालो. चौक म्हणायची सोय नाही, कारण मग चौकला काय म्हणायचं? हे यंत्राला कुणी सांगितलेलं नव्हतं. ती बाई शहरातली.

पळसदरी मागे पडली. रस्ता रुळांच्या कडेकडेनं चालला होता. सासूबाई पलंगावर, डोक्याशी फुलांची परडी, खिडकीतून आभाळ बघत होत्या. "ह्यात बरं हाय गं. झोपून जग बगायचं." मलाही बरं वाटत होतं, आणि ह्यांच्या गाडीत मला बरं वाटावं ह्याचा मला रागही येत होता.

खोपोली जवळ आली आणि बाई बोलली. "पुढील चौकात उजवीकडे वळा."

ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं बारावीला पहिला आलेल्या पोराचा बाप पाहतो. "ऐकलंस?"

"चौकला कशाला?" मी म्हटलं. "चौक कुटं, ताईचं गाव कुटं?"

"मोरी टाळायची हाय ना! चौकवरनं फिरवून मागच्या अंगानं नेतेय. ह्याला म्हणतात अक्कल."

"मागचं अंग इतकं मागं असतं?"

"वरनं दिसतं तिला. उपग्रह हाय तो. तुला जमिनीवरनं काय दिसतंय?"

मला जमिनीवरून उजवीकडे वळणारा एक चांगला रुंद रस्ता दिसला, त्याच्या तोंडाशी पानाची टपरी दिसली. तो मागे गेला. पण माझ्याही डोक्यात तोच ढाब्यांचा चौक बसलेला होता, त्यामुळे मी टपरीकडे नुसतं पाहिलं.

मग बाई म्हणाली, "मार्ग पुन्हा मोजत आहे." आणि मग, "पुढील चौकात यू टर्न घ्या."

"बग!" हे म्हणाले. "चौकला जायचं आन तिथं यू टर्न."

"अवो, परतच यायचं तर जायचं कशाला?"

"वन वे असंल. डायव्हर्जन असंल. तुला सगळं आदी कळलं पायजे."

आम्ही खोपोली ओलांडून जुन्या हायवेला लागलो. वाटेत जो नाका येई, त्याच्या आधी बाई कळवळून सांगे, "पुढील चौकात यू टर्न घ्या," आणि प्रत्येक वेळी हे मान हलवत, "हो गं बाई, घेतो, जरा पोचू तर दे." खालापूर फाटा गेला. ट्रकमागं ट्रक. ऊन मागच्या काचेवरून बाजूच्या काचेवर आलं. इतक्या वेळा एकच गोष्ट मी सांगितली असती तर ह्यांनी रेडिओ मोठा केला असता. तिला मात्र "हो गं बाई".

चौक आला आणि सुंदराताईचा फोनही आला. मी तो उचलून आवाज मोकळा सोडला.

"वयनी, कुटं हाव तुमी? दिवस कलला."

"चौकला," मी म्हणाले.

"चौकला? चौकला काय करताव?"

"यू टर्न घेताव."

"वयनी, मस्करी करू नको. दिवस बुडायच्या आत हळद लागली पायजे. सासरे कावलेत. म्हणतात, कोंडी बसलीय ना, तिला लावू दे तोंड. मी किती येळ थांबवू?"

कोंडीचं नाव आलं तशी मागच्या पलंगावर हालचाल झाली. मी वळून पाहिलं. सासूबाईंचा चेहरा भिंतीकडे होता आणि हातात परडीची कड घट्ट धरलेली होती. मला ह्यांचा, त्या यंत्राचा, त्या दाढीवाल्या गोऱ्याचा, उपग्रहाचा, सगळ्यांचा संताप आला. तीस वर्षं एक म्हातारी ज्या संध्याकाळची वाट बघत होती, ती ह्या माणसानं ढाब्यांच्या गर्दीत आणून सोडली होती.

"फोन दे इकडं," सासूबाई म्हणाल्या.

दिला. त्यांनी तो कानाला लावला नाही, तोंडासमोर ताटासारखा धरला.

"सुंदरे, तिथं तो भोंगा लावलाय काय?"

"लावलाय, आये. साउंडवाला हाय."

"त्याचा माइक ह्या फोनच्या तोंडाला लाव."

आणि आडव्या पडूनच त्यांनी सुरुवात केली.

"पयलं बोलावणं गं, गावदेवी मातेला,
तुज्या लेकीच्या गं, हळद ये दाराला..."

मला आधी वाटलं, नाइलाजानं फोनवर उरकताहेत. मग डोक्यात प्रकाश पडला. एकीनं तोंड लावलेला धवला ती खाली ठेवेपर्यंत दुसरी उचलत नाही. गळा बंद पडला, माणूस आडवं झालं, तरच. आणि पहिलं बोलावणं झालं की गाणारी समोर आल्याशिवाय हळदही लागत नाही. म्हातारीनं पाच कोसांवरून मांडवाला कुलूप घातलं होतं.

पलीकडून कुणाचा तरी आवाज आला, "घ्या! चालू झाली मोतीबाई. आता बसा." तो कोंडीचा होता, आणि त्यात हसू होतं.

आता गाडीत दोन बायका बोलत होत्या आणि मांडवातला भोंगा दोघींचंही ऐकवत होता. सासूबाईंनी शिवेवरच्या देवाला हाक घातली, तर मध्येच ही म्हणाली, "पुढील चौकात यू टर्न घ्या." अख्ख्या गावानं ऐकलं. तिथं काय झालं ते आम्हाला नंतर कळलं. मांडवातली पोरं उठली, "आजी चौकला अडकली, गाडी फिरत नाय वाटतं," म्हणाली, आणि आमचा भाचा ऋतिक धरून चार-पाच बाइका चौकच्या दिशेनं उधळल्या. त्यांचंही बरोबरच होतं. त्या गावातही चौक एकच.

ह्यांनी एकदाचा यू टर्न घेतला, ट्रकवाल्यांच्या शिव्या घेत. बाई समाधानानं म्हणाली, "सरळ जा. त्यानंतर चौकात डावीकडे वळा."

हे गाडी चालवत राहिले. मी रस्त्याकडे बघत राहिले. मागे सासूबाई आजे-सासऱ्यांना बोलावत होत्या.

"संजना," हे हळूच म्हणाले.

"काय?"

"चौक तर मागं गेला."

"हो."

"मग ही कुठल्या चौकात वळ म्हणते?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. दोघांच्या डोळ्यांसमोर ती पानाची टपरी एकदमच आली असणार, कारण ह्यांचे कान मागून लाल व्हायला लागले.

"नाक्याला चौक म्हणते व्हय गं ही?"

"तुमची अक्कल म्हणते," मी म्हणाले. "पैसे वसूल."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्यांना गप्प बसलेलं पाहून मला कीव यावी असे प्रसंग कमी. गाडीनं वेग घेतला. खालापूर फाट्याच्या आसपास समोरून बाइका गेल्या, त्यातला एक आमचा ऋतिक होता. मी खिडकीतून ओरडले, त्याला वाटलं आम्ही हात करतोय. त्यानंही केला. ह्या घराण्यात हे असंच आहे.

आता प्रश्न त्या नाक्याचा. खोपोलीत नाके काय थोडे, आणि पानाची टपरी प्रत्येक नाक्यावर. बाई सांगेल चौकात डावीकडे, पण कुठल्या? बाण कुंकवाखाली. वेळ असा की एक चूक आणखी परवडणार नव्हती. डोंगराच्या कडेला ऊन टेकलेलं. माझा हात पदराकडे गेला, पदर यंत्राकडे गेला.

"पुसू नको," दोन ओळींच्या मधल्या श्वासात मागून आलं. भोंग्यातून गावालाही गेलं असेल. "पुसायचं कशाला? उचल. लावून घे."

किती सोपं होतं! मी बोटानं ते काचेवरचं कुंकू निपटलं आणि माझ्या कपाळाला लावलं. मावेना. उरलं ते ह्यांच्या कपाळाला ओढलं, भुवईपासून केसांपर्यंत. बळीच्या बकऱ्यासारखे दिसायला लागले. खाली बाण निघाला, निळा, स्वच्छ, डावीकडे वाकलेला. आणि त्याच्या टोकाशी, बाहेर, टपरी.

"हितं! वळवा!"

वळवली. रस्ता खरोखरच फाटकावर गेला. फाटक उघडं होतं. एवढं एक त्या दिवशी कुणी न सांगता झालं.

गाडी उलटी घेत घेत मांडवात घातली. मागचं दार उघडलं, सासूबाईंचं डोकं दाराकडे केलं, उशाला दोन उशा दिल्या. समोर पाटावर श्रद्धा, बाजूला हळदीची वाटी घेतलेली सुंदराताई, डोळे सुजलेली. सासूबाईंनी फोन मला दिला आणि एक ओळही न सोडता गात राहिल्या. कोंडी पुढे येऊन गाडीच्या पायरीशी बसली. तिचेही केस आता पांढरे.

आणि मग ती जागा आली. पोरगी पिवळी झाली, आता ती आपली राहिली नाही, अशी ती ओळ आहे. सासूबाईंनी श्रद्धाकडे पाहिलं, मग सुंदराताईकडे, आणि आवाज थांबला. ओठ हलत होते, पण बाहेर काही येत नव्हतं. सगळ्या बायांना तीस वर्षांपूर्वीचं ठाऊक होतं. सगळ्या कोंडीकडे बघायला लागल्या.

कोंडीनं हात मांडीखाली घातले. "मी नाय उचलणार," ती म्हणाली. "एकदा उचलला त्याचं अजून ऐकतेय. तूच ठेव खाली, मोते."

सासूबाईंनी मान हलवली. गळा सुटेना. एक क्षण गेला, दुसरा गेला.

तेवढ्यात पुढच्या सीटकडून, हे बंद करायचं विसरले होते त्या यंत्रातून, आणि मी फोन धरून शेजारीच उभी असल्यामुळे मांडवाच्या भोंग्यातूनही, स्वच्छ शहरी मराठीत आवाज आला, "आपण आपल्या गंतव्यस्थानी पोहोचला आहात."

आधी कोंडी हसली. मग बाया. सुंदराताई रडता रडता हसली. सासूबाईंच्या पोटातून हसू उसळलं, खुबा दुखेपर्यंत हलल्या, "आई गं" म्हणाल्या, आणि त्या हसण्याबरोबर गळा मोकळा झाला. त्यांनी ती ओळ घेतली. पुढची घेतली. शेवटच्या ओळीला डोंगरामागे लाल कडा उरली होती, आणि धवला त्यांनी स्वतःच्या हातानं खाली ठेवला.

हळद लागली. पहिली देवाला, मग श्रद्धाला, मग जो सापडेल त्याला. सासूबाईंनी बोट उचलून गाडीच्या पुढच्या बाजूला दाखवलं. "त्या बाईला पण लावा गं. एवढी बोलत आली बिचारी." कोंडी स्वतः गेली आणि यंत्राच्या तोंडभर हळद फासून आली. आता ही पुसायची कशी, हा प्रश्न ह्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. मी तो सोडवायला गेले नाही.

जेवणं चालू झाल्यावर ऋतिक आणि त्याची पलटण परत आली, धुळीनं माखलेली. "अख्खं चौक पालथं घातलं, मामा! सगळे ढाबे बगितले. कुटं नव्हतीच तुमची गाडी."

हे पंगतीत बसले होते. कपाळावर कुंकवाचा पट्टा, गालाला हळद, हातात घास. त्यांनी मान वर केली आणि भाच्यावर डाफरले, "मग कुणाला तरी विचारायचं ना रं! तोंड हाय ना देवानं दिलेलं?"

मी भात वाढत होते. मी त्यांच्या पानात आणखी एक वाढणी घातली, आणि पुढे गेले.